पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेलं कासव: या चुका टाळा

जून ते सप्टेंबर या दिवसांत कोकणात पुळणीवर कासव दिसलं की कुणीतरी ओरडतंच, "पाण्यात सोडा रे त्याला!" चार जण धावतात, लाटांपर्यंत ओढत नेतात आणि कासव दिसेनासं झालं की सगळ्यांना बरं वाटतं. पुढे ते पलीकडच्या वाडीच्या किनाऱ्याला मेलेलं लागतं, तेव्हा हे चार जण तिथे नसतात.

परत समुद्रात ढकलू नका

ऑलिव्ह रिडली ही आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारी समुद्री कासवाची जात. तिची मादी अंडी घालायला साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, बहुधा रात्री येते आणि काम झालं की आपणहून परत जाते. तिच्यापासून लांब राहायचं आणि बॅटरी बंद ठेवायची, एवढंच. पावसाळ्यात मात्र नैऋत्येचा वारा समुद्रात वाहत असलेली तुटकी जाळी किनाऱ्याकडे लोटतो आणि त्यांत अडकलेली कासवंही त्यांच्याबरोबर येतात. धडधाकट कासव असं वाळूत पडून राहत नाही. ते किनाऱ्याला लागलंय म्हणजे त्याची पोहायची ताकद संपलीय, असंच धरून चाला.

पाठीवर शेवाळ आणि बार्नकलचा (कवचाला घट्ट चिकटणाऱ्या, शिंपल्यासारख्या जिवांचा) जाड थर असेल, तर ते बरेच दिवस नीट पोहलेलं नाही. आतड्यात गॅस भरला किंवा फुप्फुसाला संसर्ग झाला की त्याला बुडी मारता येत नाही. एका कुशीवर कलून किंवा मागची बाजू वर करून ते नुसतं तरंगतं. मग खाणं मिळत नाही आणि बोट आली तरी खाली जाता येत नाही. अशा जनावराला आपण पुन्हा उधाणात लोटतो!

टाकीत, टिपाडात ठेवणंही तितकंच धोक्याचं. कासव हवेत श्वास घेतं. अशक्त कासवाला डोकं वर काढता आलं नाही, तर ते वीतभर पाण्यातही बुडून मरतं.

मेलंय असं लगेच ठरवू नका

मासेमारीच्या हंगामात जाळ्यातून बोटीवर आलेलं कासव बऱ्याचदा निपचित असतं. पापणीला किंवा शेपटीला हलकेच स्पर्श करून बघा, हालचाल झाली तर जीव आहे. पण हालचाल नाही म्हणून ते लगेच पाण्यात फेकू नका. पोट खाली ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरायला मदत होते. सावलीत ठेवा, अंगावर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. असं कासव २४ तासांतही शुद्धीवर येऊ शकतं.

कासव चांगलं हालचाल करत असेल, तर जाळं कापून तिथल्या तिथे सोडायचं, इंजिन बंद ठेवूनच. संरक्षित प्राण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकारच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा.

जाळं ओढून काढू नका

नायलॉनचा दोर पुढच्या फ्लिपरच्या (वल्ह्यासारख्या पायाच्या) मुळाशी आवळत आवळत मांसात शिरलेला असतो. कधी हाड दिसतं, कधी फ्लिपर नुसत्या कातडीवर लोंबत असतो. बाहेर लोंबणारं जाळं कात्रीने कापा, पण मांसात रुतलेला दोर डॉक्टरसाठी सोडा. तोंडातून किंवा शेपटीकडून गळाचा दोरा बाहेर आला असेल, तर तोही खेचू नका, आतडं चिरतं.

जखमेवर हळद नको, बार्नकल कोयतीने खरवडणं नको. कूर्मावतार म्हणून भक्तिभावाने कुंकू-फुलं वाहिली जातात. भावना खरी असते, पण भेदरलेल्या जनावराभोवतीची गर्दी त्याला सोसत नाही. खायलाही काही घालू नका.

उचलताना

फ्लिपर धरून ओढलं की सांधा निखळतो. दोघा-तिघांनी कवचाच्या कडा धरून उचला आणि तोंडापासून हात लांब ठेवा, चोच जबर असते. उलटं करू नका. फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, त्यामुळे उताणं पडल्यावर आतड्याचा सगळा भार त्यांच्यावर येतो. टेम्पोत खाली जुना टायर किंवा ओली गोणी ठेवा. पाठीवर पेटीसारखं काही चिकटवलेलं दिसलं तर ते काढू नका. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरला काही माद्यांना उपग्रह टॅग (उपग्रहावरून माग ठेवणारी यंत्रं) लावले होते, अशी एखादी नोंदीतली मादी असू शकते.

हे सगळं करण्याआधी वन विभागाला १९२६ वर फोन करा. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे माया असली तरी घरी ठेवणं गुन्हाच आहे. फोनवर जागा नेमकी सांगा, फोटो पाठवा, कासव डोकं उचलतंय का ते सांगा. डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे, पण सिंधुदुर्गातून तिथे पोहोचायचं म्हणजे अख्खं कोकण ओलांडायचं. म्हणून सुरुवातीचे काही तास गावातच नीट सांभाळले गेले पाहिजेत.

सोडण्याची घाई

जखम सुकली, टाकीत फेऱ्या मारतंय, म्हणून ते बरं झालं असं होत नाही. स्वतः खातंय का, वजन वाढलंय का, तळाशी जाऊन टिकतंय का, हे बघावं लागतं. एक फ्लिपर गमावलेलं कासवही नीट बुडी मारत असेल तर सोडता येतं, पण तो निर्णय डॉक्टरांचा. खवळलेल्या समुद्रात सोडू नये, पाणी शांत होईपर्यंत थांबावं. त्या दिवशी ढोल-ताशे, सेल्फी आणि हार हवेतच कशाला?

प्रत्येक वाडीने मे महिन्यातच ठरवून ठेवावं: टेम्पो कुणाचा, बोथट टोकाची कात्री कुणाकडे, वनरक्षकाचा नंबर कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये.