वणव्याचा अंदाज घेताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की आमच्या बालाघाटाच्या माळावरची कुसळी पिवळी पडते. तिथून मृगाच्या पावसापर्यंत एक काडी पुरते. गेली काही वर्षं मी आमच्या आणि शेजारच्या दोन-तीन गावांसाठी रोज सकाळी निरोप देतो: आज पेटवायचं नाही, किंवा आज तितकी भीती नाही. आता तरुण पोरंही हे काम अंगावर घेतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चुका त्याच त्याच होतात, आणि या कामातली चूक कुणाच्या तरी गंजीवर जाते.

सकाळी पान हलत नाही, म्हणजे आज वारा नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

२०१६ साली उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि त्याच साली पावसाळा चांगला झाला. माळावर गवत मांडीला लागत होतं. पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी आठच्या सुमारास माझा पुतण्या बांधावरचं वाळलं गवत पेटवायला निघाला. मी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, धारा काढत होतो. म्हटलं, "थांब रे, आज नको." तो म्हणाला, "काका, पान हलत नाही बघा. तासाभरात उरकतो." धूर खरंच सरळ वर जात होता. मीही मग गप्प बसलो. डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्यांची पाती मात्र पहाटेपासून जोरात फिरत होती. मला ती दिसत होती, पण त्याचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता.

साडेदहाला पहिला झोत आला. आधी धुराचा खांब वाकला, मग आडवा झाला, आणि बांधावरची आग वीतभर नांगरट ओलांडून माळाला लागली. आम्ही चौघं बाभळीच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो. एका ठिकाणी विझवावी तर दहा पावलांवर ती पुढं गेलेली असायची. शेजाऱ्याची कडब्याची गंज अर्ध्या तासात बसली, दोन हजारांवर पेंढ्या. म्हशीची दावी कापली म्हणून जनावरं वाचली. त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यानं कडबा विकत घेऊन जनावरं जगवली. निम्मे पैसे आम्ही दिले, पण त्यानं त्याची घालमेल थोडीच भरून निघते.

झालं काय होतं? रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन खाली बसते. वरचा वारा या थरावरून निघून जातो, तो खाली उतरत नाही. उलट, खालच्या जमिनीची अडवणूक सुटल्यामुळं रात्री वरचा वारा आणखी जोर धरतो. ऊन चढलं, जमीन तापली, हवा ढवळली गेली की तोच वारा झोताझोतानं खाली येतो. आमच्याकडं ही वेळ साधारण दहा ते अकराची. म्हणजे दुपारचा वारा पहाटेच डोक्यावर आलेला असतो.

तेव्हापासून माझी सवय अशी: उजाडताना आधी डोंगराकडं बघायचं, फोन नंतर. माथ्यावर बऱ्याच चक्क्या जोरात फिरतायत आणि इथं लिंबाचं पान हलत नाही, असं दिसलं की त्या दिवशी मी कुणालाही काडी ओढू देत नाही. एकच चक्की बघून ठरवू नका, ती दुरुस्तीसाठी थांबवलेली असू शकते. चक्क्या नसतील तिथं चुलीचा धूर बघा. सरळ वर जाऊन एका उंचीवर तो एकदम मोडला आणि आडवा झाला, तर वरचा वारा तिथूनच सुरू होतो.

आणि "तासाभरात उरकतो" हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे, त्याच्या हातात मी काडेपेटी देत नाही. घाईनं पेटवलेला बांध घाईनं विझत नाही.

सकाळची आर्द्रता बघून निर्धास्त होणं

गावच्या गटांवर रोज सकाळी सातला कुणीतरी फोनचा फोटो टाकतं: आर्द्रता ६० टक्के, काळजी नाही. हा आकडा त्या घडीचा आहे. सकाळी १८ अंशाला ६० टक्के असलेली हवा दुपारी ३६ अंशापर्यंत तापली की आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच असतं, फक्त तापलेल्या हवेची तहान वाढलेली असते. कुसळीसारखं बारीक गवत तासाभरात त्या हवेशी जुळवून घेतं. पहाटे दवानं चिंब असलेलं गवत दुपारी बोटांत चुरलं तर त्याचा भुगा होतो. म्हणून दुपारी दोन ते चारचा अंदाज काढा आणि तोच निरोपात लिहा.

मी आजही दोन तापमापक वापरतो. एकाच्या फुग्याला ओली मलमलची चिंधी बांधलेली असते. सावलीत पंख्यानं वारा घालायचा आणि दोन्ही आकडे बघायचे. कोरडा ३८ आणि ओला २० दाखवत असला तर आर्द्रता १५-१७ टक्क्यांवर आली आहे. पाच मिनिटांचं काम, पण नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो. हाताला त्या ओल्या चिंधीचा गारवा लागतो ना, तेव्हा हवा किती कोरडी आहे ते जसं समजतं, तसं पडद्यावरच्या आकड्यानं समजत नाही.

परदेशातला नियम जसाच्या तसा उचलणं

स्पेनमध्ये ३०-३०-३० चा नियम सांगतात: तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. नियम चांगला आहे, तिथल्यासाठी. आमच्याकडं एप्रिलमध्ये पहिल्या दोन अटी जवळजवळ रोज पुऱ्या होतात, तेव्हा निकाल एकट्या वाऱ्यावर असतो. डिसेंबरमध्ये पारा ३० वर गेला नाही म्हणून नियम "सुरक्षित" म्हणेल आणि गवत मात्र वाळून कडकडीत झालेलं असेल. अमेरिकेत कोलोराडोमध्ये ३० डिसेंबर २०२१ ला, ऐन थंडीत, वाळलेल्या गवतातून आग धावली. वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरच्या वर होते, हजाराहून जास्त घरं जळाली, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच बर्फ पडला. त्या वर्षी तिथला वसंत ओला होता, गवत माजलं होतं, नंतरचे सहा महिने कोरडे गेले. "यंदा पाऊस भरपूर झाला, आगीची भीती नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडंही जास्त पाऊस म्हणजे जास्त गवत, आणि गवत म्हणजे जळण.

वाऱ्याचा एकच आकडा वाचणं

फोनमधला वारा बहुधा सरासरी असतो आणि १० मीटर उंचीवरचा असतो. आग पळते ती झोतानं. झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो शोधा. सुक्या गवतात आग ढोबळमानानं वाऱ्याच्या पाचव्या हिश्श्यानं पळते. ३० चा वारा असेल तर ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं. चढ लागला तर आणखी जलद. फोन नसेल तर धूळ आणि कागद उडताना दिसले की वारा २० च्या पुढं गेला असं धरा.

वळिवाच्या ढगाकडं पावसाच्या आशेनं बघणं

एप्रिल-मेमध्ये ढग गडगडला की लोक म्हणतात, आता पाऊसच विझवील. पाऊस येईल न येईल, त्याच्या आधी ढगाखालून गार वाऱ्याचा लोंढा येतो आणि आगीची दिशा एका मिनिटात फिरवतो. अ‍ॅरिझोनात ३० जून २०१३ ला यार्नेल हिलच्या आगीत १९ अग्निशामक असेच सापडून दगावले. तोंडावर गार झुळूक आली की काम सोडून जळालेल्या, काळ्या पडलेल्या रानात सरका.

उपग्रहाच्या इशाऱ्याला अंदाज समजणं

उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश येतो, म्हणजे आग लागल्यावर. तो उपयोगाचा आहे, पण अंदाज नाही. लहान आग त्यातून सुटूही शकते. धूर दिसला तर संदेशाची वाट न बघता वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

विझली असं समजून घरी जाणं

वरून काळं झालं म्हणजे विझलं नाही. वाळलेलं शेण आणि बाभळीचं खोड आतून रात्रभर धुमसतं, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाचा झोत आला की पुन्हा पेट घेतं. मी प्रत्येक शेणाचा पो पायानं उलटा करतो, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघतो, कळशीनं पाणी ओततो. दुसऱ्या दिवशी नवाच्या आत पुन्हा एक फेरी मारतो, हातात फावडं घेऊन.