लिनक्सवर वायफाय चालत नाही? आधी कुठं अडलंय ते शोधा

जुन्या लॅपटॉपवर मिंट नाहीतर उबुंटू टाकलं, सगळं झकास सुरू झालं आणि बघतो तर वायफायचं चिन्हच गायब, किंवा चिन्ह आहे पण सारखा पासवर्डच मागतंय. हे इतक्यांच्या बाबतीत होतं की बरेच जण तिथंच वैतागून परत विंडोज टाकतात, नाहीतर दुसरं डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचाच दुसरा प्रकार) टाकून बघतात आणि तिथंही तेच. परत इन्स्टॉल करायची गरज क्वचितच लागते. आणि कृपा करून नेटवर जी सापडेल ती कमांड मारत सुटू नका, त्यानं एकाची दोन दुखणी होतात. कार्ड सिस्टिमला दिसतंय का, त्याला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि फर्मवेअर मिळालंय का, रेडिओ चालू आहे का, राउटरशी जोडणी होतेय का, आणि शेवटी आयपी (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय), ह्याच क्रमानं तपासायचं. (कमांडची नावं इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.)

पण ड्रायव्हर उतरवायलाच नेट लागणार, त्याची सोय पहिली. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग ऑन करा, बस. लिनक्सला ह्यासाठी सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही, अर्ध्या मिनिटात वायर्ड कनेक्शन म्हणून दिसायला लागतं, आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट लॅपटॉपला मिळतं म्हणजे मोबाईल डेटाही जात नाही. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटावाली पाहिजे.

आता टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'एलएसपीसीआय', स्पेस, हायफन 'एनएनके' टाका. लांबलचक यादी येईल, त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोधा. त्या ओळीत चौकोनी कंसात चार-चार अक्षरांचा एक कोड असतो, मधे कोलन. पहिले चार म्हणजे कंपनी: १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, ८०८६ इंटेल, १६८सी अ‍ॅथेरॉस. हा कोड लिहून ठेवा, मदत शोधताना लॅपटॉपच्या मॉडेलपेक्षा हाच कामाला येतो कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात. त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलाय, नसेल तर तिथंच अडलंय. यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी' वापरा. कार्ड कुठंच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणारी सेटिंग) वायरलेस बंद आहे का बघा, तेही नसेल तर कार्ड ढिलं झालंय किंवा गेलंय, मग सॉफ्टवेअरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हर आहे पण वायफाय नाही असं असेल तर संशय फर्मवेअरवर. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, तो फाईल म्हणून वेगळा लागतो. 'सुडो डीमेसग' (डी-एम-ई-एस-जी; सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालव) टाकून त्यात फर्मवेअर शब्द शोधा, 'फेल्ड टू लोड' असं काही दिसलं की फर्मवेअर मिळालेलं नाही असं समजा. डेबियनवाल्यांना हा त्रास जास्त व्हायचा कारण मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं, २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते आतच येतं. जुन्या डेबियनवर नॉन-फ्री रेपो (मुक्त नसलेल्या पॅकेजांचं भांडार) चालू करून 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' किंवा 'फर्मवेअर-रिअलटेक' पॅकेज टाका. उबुंटू-मिंटवर हे सगळं 'लिनक्स-फर्मवेअर' मध्ये असतं, तिथं बहुतेक वेळा नुसतं अपडेट करून रिस्टार्ट केलं की भागतं.

ब्रॉडकॉम ही वेगळी कहाणी. बीसीएम४३१४२ सारख्या कार्डांना 'डब्ल्यूएल' नावाचा, कोड खुला नसलेला ड्रायव्हर लागतो जो कर्नलसोबत (लिनक्सचा गाभा) येत नाही. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर, उबुंटूत अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स उघडा, ब्रॉडकॉमचा पर्याय निवडा आणि लावा. आता खरी मेख इथं आहे: लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रिस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येते, त्यावर कुठलीही कळ दाबा म्हणून १० सेकंद उलटे मोजले जातात. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं, ते थांबून राहतात किंवा 'कंटिन्यू बूट' दाबतात, आणि मग ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही. तिथं कळ दाबून 'एनरोल एमओके' (एमओके म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली) निवडायचं, 'कंटिन्यू', 'येस', मगाशी ठरवलेला पासवर्ड, आणि रिबूट. स्क्रीन हुकली असेल तर 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' टाकून बघा, 'की' (किल्ली) नाकारली असा एरर आला तर कारण हेच. मग 'सुडो मोकयूटिल' (एम-ओ-के-यू-टी-आय-एल), दोन हायफन 'इम्पोर्ट', आणि पुढं '/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/' मधल्या एमओके.डीईआर (इथं एमओके मोठ्या अक्षरांत) फाईलचा पत्ता दिला की पुढच्या बूटला ती निळी स्क्रीन परत येते.

ड्रायव्हर, फर्मवेअर दोन्ही ठीक, तरी बंद? 'आरएफकिल लिस्ट' टाका. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय', झालं. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर कमांडनं काही होणार नाही, लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन आणि विमानाचं चित्र असलेली कळ बघा. विंडोज पण ठेवलं असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि काही कार्डं अर्धवट झोपेत राहून लिनक्सला प्रतिसाद देत नाहीत.

वायफाय दिसतंय पण राउटरच्या शेजारी बसलं तरच चालतं, असं रिअलटेक आरटीएल८७२३बीई कार्डावर हमखास होतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये अँटेना एकच बसवलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्याच टोकाला ऐकत बसतो. 'ईटीसी' मधल्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये एक कॉन्फ फाईल करून त्यात 'ऑप्शन्स', कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव, आणि 'एएनटी अंडरस्कोर एसईएल', बरोबरचं चिन्ह आणि २ अशी एक ओळ लिहा, रिस्टार्ट करा, फरक नाही पडला तर २ च्या जागी १. सिग्नल एका काडीवरून चारवर गेलेला बघायला फार बरं वाटतं.

मधेच तुटतंय, पुन्हा जोडतंय, असं असेल तर पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. 'ईटीसी' मधल्या नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये उबुंटू-मिंटवर वायफाय पॉवरसेव्हची फाईल असते, त्यात ३ आहे तिथं २ करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद.

पासवर्ड बरोबर असूनही परत परत विचारत असेल तर राउटरमध्ये सिक्युरिटी काय आहे बघा, डब्ल्यूपीए३ असेल तर जुन्या कार्डांना ते झेपत नाही, डब्ल्यूपीए२ करा. फोनला नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला दिसतच नाही, तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि कार्ड फक्त २.४ चं, किंवा राउटर १२-१३ नंबरच्या चॅनेलवर गेला असेल. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवून टाका.

जोडलं गेलं पण पान उघडत नाही, तर टर्मिनलमध्ये 'पिंग ८.८.८.८' टाका, म्हणजे तो पत्ता उत्तर देतो का ते कळतं. उत्तर आलं आणि साइटच्या नावाला पिंग जात नाही तर भानगड डीएनएसची, कनेक्शनच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये डीएनएस हातानं टाका. आणि जुन्या लॅपटॉपची तारीख बघा! आतला छोटा सेल संपला की घड्याळ मागं जातं आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो, लोक तासन् तास वायफायला दोष देत बसतात.

एवढं करूनही नाहीच झालं तर कार्ड बदला, फार खर्चिक नाही. एम.२ स्लॉट असेल तर इंटेल एएक्स२१० घ्या, कर्नल ५.१० किंवा पुढचा हवा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका, ती फक्त ठराविक इंटेल चिपसेटवरच चालतात. जुन्या मशीनमध्ये अर्ध्या आकाराचा मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असतो, तिथं इंटेल ७२६० चं त्या आकाराचं कार्ड बसतं, मात्र काही जुन्या लॅपटॉपचा बायोस बाहेरचं कार्ड स्वीकारतच नाही, ते विकत घ्यायच्या आधी तपासा. लॅपटॉप उघडायचा नसेल तर मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचं यूएसबी डोंगल घ्या, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, लावलं की चालतं. दुकानदार डोंगलवर लिनक्स सपोर्ट लिहिलेलं दाखवेल, त्याला चिपचा नंबर विचारा, आणि तो सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.