ब्रेड मशीन घ्यावं का?

आठवड्याला दोन-तीन लोफ संपत असतील तरच घ्या. नुसता पाव लागत असेल, तर बेळगावात कोपऱ्यावरची बेकरी बरी.

एका लोफसाठी ४०० ग्रॅम मैद्याला २५० मिली पाणी, एक मोठा चमचा तेल, तेवढीच साखर, ६ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मशीनच्या भांड्यात आधी पाणी, तेल, साखर, मीठ, वर मैदा, मैद्यात खळगा करून त्यात यीस्ट. मशीन उशिरा सुरू व्हावं म्हणून टायमर लावणार असाल तर हा क्रम मोडू नका, नाहीतर यीस्ट आधीच भिजतं. मळणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघा: गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरायला हवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात पीठ दमट असतं, पाणी १०-१५ मिली कमी घाला. नाहीतर लोफ फुगून मधे खचतो.

खपली गव्हाचं पीठ चवीला छान, पण त्यातलं ग्लुटेन कमकुवत. पाव हिश्श्यापेक्षा जास्त घातलंत तर वीटच निघते.

लाईट गेली नि मशीन कुठवर आलं होतं तेच विसरलं, तर फुगलेलं पीठ काढून ओव्हनमध्ये भाजा. विकत घेण्याआधी पातं आणि बेल्ट सुटे मिळतात का, ते विचारा.