गंजिफाचे फोटो काढताना चकाकी मारते? हे करून बघा

सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) नाहीतर लाकडी फळं विकणारी पेजेस बघा, काम एकदम भारी असतं पण फोटोत मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. लाखकाम, म्हणजे वरचा लाखेचा चकचकीत थर, आरसाच हो, समोर जे असेल ते त्यात दिसणारच.

म्हणून आधी फ्लॅश बंद, घरातले सगळे दिवे बंद, आणि टेबल खिडकीला लावायचं, उजेड एका बाजूने यायला हवा. ऊन थेट येत असेल तर काचेवर बटर पेपर चिकटवा. कोकणात पावसाळी ढगाळ उजेड असतो ना, तो तर फुकटचा स्टुडिओच, तेव्हाच जास्तीचे फोटो काढून ठेवा.

पानाचा वरून फोटो घेताना फोन आणि तुमचा हात पण त्यात उमटतो. काळा कार्डबोर्ड घ्या, कॅमेऱ्यापुरतं भोक पाडा, त्यातून काढा, चमक गायब. आणि फोन फार जवळ नेऊ नका, जरा तिरका झाला तरी गोल पान अंडाकृती दिसतं, थोडं लांबून २एक्स झूमवर घ्या. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनमधे फोकस लॉक होतो, मग ब्राइटनेस किंचित खाली ओढा.

फळांना दुसऱ्या बाजूने पांढरं थर्माकोल लावा, सावली मऊ होते. एक फोटो हातात धरून हवाच, नाहीतर साइज कळत नाही आणि मेसेजमधे तेच तेच विचारत बसतात. मागे सॅटिनची चादर, प्लास्टिकची फुलं वगैरे प्लीज नको.

फिल्टर तर अजिबात नको, पार्सल उघडल्यावर लाल वेगळा निघाला की भांडण तुमच्याशीच. त्याच उजेडात एका कोऱ्या कागदाचा फोटो घ्या आणि तो पांढरा दिसेल एवढंच एडिट करा, तेच सेटिंग बाकीच्यांना.

आता पोस्टचं. दशावतारी संचात १२० पानं, सगळी एकदम टाकली तर कोण बघणार? एका पोस्टला एक अवतार, त्याचा राजा, प्रधान, चेहऱ्याचा क्लोजअप आणि अर्धवट रंगवलेलं एखादं पान, झाल्या की १० पोस्ट. अर्धवट पानावरच लोक जास्त थांबतात असं मला तरी वाटतं, हाताने काढलंय हे तिथेच पटतं.

गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं आणि ब्रशच्या बारीक रेघा पुसट होतात.