जेबॉडची तब्येत तपासताना या चुका टाळा

जेबॉड म्हणजे सर्व्हरला जोडलेली, नुसत्या डिस्कनी भरलेली पेटी. बहुतेक ठिकाणी स्टोरेजचं मॉनिटरिंग म्हणजे डिस्कचं स्मार्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद), एवढ्यावरच गाडी थांबते. पॉवर सप्लाय, पंखे, तापमानाचे सेन्सर यांची खबर स्मार्टला नसतेच. ती एन्क्लोजर, म्हणजे ही पेटी, स्वतः एसईएसमार्फत (पेटीची स्थिती कळवणाऱ्या एससीएसआय सेवेमार्फत) देतं. लिनक्सवर 'एलएसएससीएसआय -जी'च्या यादीत एन्क्लोजरची वेगळी ओळ दिसते. तिथलं एसजी डिव्हाइस घेऊन 'एसजी_एसईएस'ने पान २, म्हणजे पेटीतल्या घटकांच्या स्थितीचं पान, वाचा.

पॉवर सप्लायच्या अलर्टकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण दोनातला एक गेला तरी काहीच बिघडलेलं दिसत नाही आणि कोणाची तक्रारही येत नाही. पण दुसराही गेला, तर शेल्फमधल्या, म्हणजे त्या पेटीतल्या, समजा चोवीस, सगळ्या डिस्क एका क्षणात गायब होतात. रेड ६ (डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) दोन डिस्कचा तोटा सोसतं, चोवीसांचा नाही. म्हणून हा अलर्ट आला की त्याच दिवशी हलायला हवं. दोन्ही वायरी एकाच पीडीयूत (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीत) खोचल्या नाहीत ना, हेही बघा.

स्क्रिप्ट लिहिताना नुसतं 'क्रिटिकल' शोधू नका. काढून ठेवलेला पॉवर सप्लाय 'नॉट इन्स्टॉल्ड' दिसतो, आणि स्क्रिप्टच्या लेखी सगळं आलबेल असतं. शिवाय घटकांच्या प्रत्येक प्रकाराच्या सुरुवातीला 'ओव्हरऑल डिस्क्रिप्टर' येतो. त्यात पुष्कळदा 'अनसपोर्टेड' एवढंच असतं, खरी स्थिती त्याखालच्या एकेका घटकाच्या ओळीत असते. सगळं ठीक असतानाचं पूर्ण आउटपुट जपून ठेवा आणि रोजचं त्याच्याशी ताडून पाहा. एखाद्या घटकाच्या स्थितीत फरक दिसला, की अलर्ट.

चुकीची डिस्क उपसणं ही सगळ्यात महाग चूक. एकाच डिस्कचा तोटा सोसणाऱ्या आणि एक डिस्क आधीच गेलेल्या रेड ५ मधून चांगली डिस्क ओढली, की ॲरे बसलाच. एसईएसमधली मोजणी बऱ्याचदा ० पासून, पेटीवरचं स्टिकर १ पासून. त्यामुळे स्लॉटच्या आकड्यावर विसंबू नका, सीरियल नंबर जुळवा आणि आयडेंट दिवा (स्लॉट ओळखायचा दिवा) लावूनच हात घाला. साटा डिस्क असतील तर आणखी जपून: एसईएसच्या पान १० वरचा सॅस ॲड्रेस एक्सपांडरने (पेटीतल्या डिस्क जोडणाऱ्या चिपने) दिलेला असतो, डिस्कचा स्वतःचा नसतो.

साटा डिस्कवर स्मार्टचा १९९ क्रमांक, म्हणजे सीआरसी एररचा आकडा, वाढतोय म्हणून लगेच डिस्क बदलू नका. दोष सहसा केबल किंवा बॅकप्लेनचा (डिस्क ज्यात बसतात त्या बोर्डाचा) असतो. केबल बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

सर्व्हर आणि पेटी यांच्यात दोन केबलींची जोडणी असेल तर मल्टिपाथचे (एकाच डिस्ककडे जाणारे) दोन्ही मार्ग जिवंत आहेत का, तेही रोजच्या तपासणीत घ्या.

आणि अलर्ट खरंच येतो का? मेंटेनन्सच्या वेळी, दुसरा पॉवर सप्लाय ठीक असल्याची खात्री करून, एकाची वायर काढा आणि मेसेज ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर पोचतो का ते बघा.