वाळवण घालण्याआधी तीन तासांचा अंदाज बघा

मे महिन्यात इंदूरला सकाळी कडक ऊन असतं आणि कधी दुपारनंतर वावटळ येऊन सरी कोसळतात. एवढ्या कष्टाच्या कुरडया भिजल्या की जीव हळहळतो.

१. हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर आपल्या जिल्ह्याचा ‘नाऊकास्ट’ बघा. तो पुढच्या ३ तासांपुरता असतो, म्हणून वाळवणाला दिवसभराच्या अंदाजापेक्षा हाच कामाचा.

२. नाऊकास्टमध्ये आपल्या जिल्ह्याला इशाऱ्याचा रंग दिलेला असतो. हिरवा रंग असेल तर खुशाल गच्चीवर घाला. पिवळा दिसला तर खाटेवर, म्हणजे दोघांना उचलून चटकन आत नेता येतं. नारिंगी किंवा लाल असेल तर आज चीकच शिजवू नका.

३. दर ३ तासांनी पुन्हा बघा. आमची आई त्यासाठी गजर लावते.

गडगडाट ऐकू आला की मात्र कुरडया भिजू द्या, गच्चीवर जाऊ नका.