ग्रामीण भागातील अभियंत्याची नोकरी : पगार कसा जोखावा आणि कसा मागावा

शहरापासून दूरच्या ठिकाणी अभियंत्याची जागा निघाली की दोन मते हमखास ऐकू येतात. तिथे पगार कमी असतो, हे पहिले. आणि तिथे खर्चही कमी असतो, त्यामुळे शेवटी हिशेब सारखाच बसतो, हे दुसरे. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे, पण त्यांच्या आधारावर नोकरी स्वीकारणे किंवा नाकारणे धोक्याचे ठरते. ग्रामीण नोकरीचा पगार जोखताना आधी हे पाहावे लागते की त्या आकड्यात किती तास, किती जणांचे काम आणि रात्री-अपरात्रीचे किती फोन गृहीत धरलेले आहेत. कारण या तिन्ही गोष्टी नियुक्तिपत्रात सहसा लिहिलेल्या नसतात आणि रुजू झाल्यावर मात्र पहिल्याच महिन्यात कळून येतात.

पैसा कोठून येतो, ते आधी समजून घ्या

ग्रामीण भागात अभियंत्याला काम देणारे मोजकेच असतात : वीज, पाणी आणि रस्ते सांभाळणाऱ्या सार्वजनिक यंत्रणा, सहकारी संस्था, शेतमालावर प्रक्रिया करणारे कारखाने, खाणी, पवन आणि सौर ऊर्जा प्रकल्प, आणि या सर्वांसाठी काम करणारे कंत्राटदार. यांतील प्रत्येकाची पगार देण्याची क्षमता वेगळी असते, आणि ती ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. यंत्र एक तास बंद पडले तर मालकाचे नेमके काय बुडते, हा प्रश्न स्वतःला विचारावा. तोडलेल्या उसातील साखर दर दिवसागणिक घटत जाते, त्यामुळे गाळप हंगामात कारखाना थांबणे म्हणजे गाड्यांमध्ये भरलेला माल डोळ्यांदेखत हलका होणे. दूध काढल्यानंतर ते लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करावे लागते. शीतकरण यंत्रणा बंद पडली तर संपूर्ण टाकी टाकून द्यावी लागू शकते. अशा ठिकाणी दुरुस्ती जाणणाऱ्या माणसाला द्यावयाचा पगार मालकाच्या नुकसानीच्या तुलनेत लहान असतो, आणि घासाघीस करण्यास वाव असतो. याउलट सार्वजनिक यंत्रणेत वेतनश्रेणी ठरलेली असते. तिथे मूळ वेतनावर वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपला पूर्वानुभव धरून सुरुवातीचा टप्पा कोणता मिळेल आणि भत्ते कोणते लागू होतील, एवढेच विचारावे.

ग्रामीण पगार कमी असण्याचे कारण राहणीमान स्वस्त असते, असा समज आहे. माझ्या मते खरे कारण स्पर्धेचा अभाव हे आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारी सेवेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिथे मूळ वेतनावर ठिकाणानुसार टक्केवारी दिली जाते. २०२४ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरासाठी ती ४५.४१ टक्के होती, तर कोणत्याही स्वतंत्र वेतनक्षेत्रात न येणाऱ्या उर्वरित भागासाठी १६.८२ टक्के. श्रेणी आणि टप्पा तोच असला तरी महानगरातील वेतन त्यामुळे साधारणपणे २४ टक्क्यांनी अधिक होते. विशेष म्हणजे ही टक्केवारी घरभाडे किंवा बाजारभाव पाहून ठरत नाही. त्या भागातील इतर मालक तशाच कामाला किती वेतन देतात, यावर ती ठरते. जिथे दुसरा मालकच नाही तिथे पगार वर ढकलणाराही कोणी नसतो. म्हणून आपल्याला शहरातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला लेखी प्रस्ताव हाती असणे हे ग्रामीण वाटाघाटीतील सर्वांत उपयोगी साधन आहे.

काही देशांत मात्र उलट दिशेनेही भर घातली जाते. नॉर्वेच्या अतिउत्तरेकडील फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्स भागात राहून काम करणाऱ्यांच्या शैक्षणिक कर्जाचा काही भाग दरवर्षी माफ होतो आणि प्राप्तिकरातही सवलत मिळते. ऑस्ट्रेलियात दुर्गम प्रदेशांत राहणाऱ्यांना करात सूट आहे. आपण जिथे जाणार आहोत तिथे अशी एखादी सवलत आहे का, हे मालकाला न विचारता स्वतः शोधावे, कारण मालकाला ती बहुधा ठाऊक नसते आणि ठाऊक असल्यास ती तो स्वतःच्या पगारातली उदारता म्हणून सांगतो.

शिल्लक मोजा, पगार नव्हे

दोन नोकऱ्यांची तुलना करण्यासाठी शहरातील पगार १०० धरून बाकीचे सर्व आकडे त्याच प्रमाणात मांडावेत. समजा, शहरात १०० पैकी ३५ घरावर, ८ रोजच्या प्रवासावर आणि २७ इतर गरजांवर जातात. शिल्लक ३० राहते. ग्रामीण नोकरीत पगार ७८ आहे, घरावर १२ जातात, इतर गरजांवर २६. येथपर्यंत शिल्लक ४० दिसते आणि मन लगेच होकार देते. पण सार्वजनिक वाहतूक नसल्याने स्वतःचे वाहन ठेवावे लागते, त्याचे १४ धरा; तज्ज्ञ डॉक्टर, परीक्षा, प्रशिक्षण, नातेवाईक अशा कारणांनी शहराकडे होणाऱ्या फेऱ्यांचे ४ धरा. शिल्लक २२ वर येते. आकडे काल्पनिक आहेत, पण वाहन आणि फेऱ्या या दोन रकाने विसरले की हिशेब नेमका असाच फसतो.

या मांडणीत जोडीदाराचे उत्पन्न आणखी एका रकान्यात लिहावे. जोडीदाराचा व्यवसाय शहरात चालणारा असेल आणि नव्या ठिकाणी त्याला काम मिळण्याची शक्यता नसेल, तर घराच्या भाड्यात झालेली कोणतीही बचत ती तूट भरून काढत नाही. ग्रामीण जागा रिकाम्या राहण्याच्या कारणांत हे कारण फार वरचे आहे, आणि अनुभवी मालकांना ते माहीत असते. म्हणून जोडीदारासाठी त्याच संस्थेत किंवा जवळपास काम मिळवून देण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

तासांचा हिशेब

खाणी आणि दुर्गम प्रकल्पांचे पगार कागदावर डोळे दिपवणारे असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील खाणींत विमानाने नेऊन आणण्याची पद्धत रूढ आहे : ठरावीक दिवस साइटवर १२ तासांची पाळी, मग ठरावीक दिवस घरी. दोन आठवडे काम आणि एक आठवडा सुट्टी असे चक्र असेल तर १४ दिवसांचे १६८ तास तीन आठवड्यांत विभागून आठवड्याला सरासरी ५६ तास होतात. आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी असेल तर तीच सरासरी ४८ वर येते. पगार सारखाच दिसणाऱ्या दोन प्रस्तावांत तासाच्या दराचा एवढा फरक लपलेला असतो. त्यात प्रवासाचा दिवस कामाच्या दिवसांत मोजला जातो की सुट्टीच्या, हे विचारायला विसरू नये.

तथापि बहुसंख्य ग्रामीण अभियंत्यांचा खरा प्रश्न पाळीचा नसतो, फोनचा असतो. पंपिंग स्टेशनला दोनच अभियंते असतील तर आळीपाळीने एक आठवडा प्रत्येकाला उपलब्ध राहावे लागते. आठवड्याच्या १६८ तासांतून कामाचे ४० वजा केले तर १२८ उरतात. वर्षातील २६ आठवड्यांचे ते ३,३२८ तास होतात. या काळात दूर जाता येत नाही, फोन बंद ठेवता येत नाही, आणि लग्नकार्यातूनही उठून जावे लागते. हे तास कामाचे नाहीत हे खरे, पण ते पूर्णपणे आपलेही नाहीत, आणि म्हणून त्यांना लहान का होईना पण स्वतंत्र दर असला पाहिजे. मुलाखतीत पुढील प्रश्न याच शब्दांत विचारावेत : गेल्या वर्षी कामाच्या वेळेबाहेर किती वेळा बोलावणे आले? उपलब्ध राहण्याचा भत्ता वेगळा आहे का? प्रत्यक्ष गेल्यास किमान किती तासांचा मोबदला मिळतो? रात्री काम झाल्यास दुसऱ्या दिवशी उशिरा येता येते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता आले नाही तर नोंद ठेवण्याची पद्धतच नाही, असे समजावे.

एकट्या अभियंत्याची किंमत

लहान संस्थेत एकच अभियंता संरचना, विद्युत, यंत्र आणि खरेदी असे सगळे पाहतो. शिकण्याच्या दृष्टीने हा काळ अमोल असतो. ग्रामीण कामाला स्वतःचे असे तंत्रज्ञानही आहे : न्यूझीलंडच्या लॉइड मँडेनो यांनी १९२०च्या दशकात पुढे आणलेली, एकच तार वापरून परतीचा मार्ग जमिनीतून घेणारी वीजवितरण पद्धत विरळ वस्तीसाठीच घडली आणि तिथे अर्थिंगची, म्हणजे वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीची, देखभाल हाच जीव असतो. अमेरिकेत १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी राहिली तेव्हा दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. दोन खांबांतले अंतर लांब ठेवून आणि एकसारख्या साच्याच्या वाहिन्या उभारून खर्च खाली आणण्याचे काम तेथील अभियंत्यांनी केले, आणि त्यातून निघालेल्या वीज सहकारी संस्था आजही सुमारे ९०० आहेत. असा अनुभव शहरी मालकाला कदाचित कळणार नाही, पण दुसऱ्या ग्रामीण मालकाला तो नेमका कळतो. म्हणून तीन-चार वर्षांनंतरची बढती आपल्याच संस्थेत शोधण्यापेक्षा शेजारच्या संस्थेत शोधणे अनेकदा फलदायी ठरते.

एकटे असण्याचे दोन धोके मात्र पगाराइतकेच महत्त्वाचे आहेत. पहिला परवान्याचा. अनेक देशांत व्यावसायिक अभियंत्याचा परवाना मिळण्यासाठी परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली काही वर्षे काम केलेले असावे लागते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ही अट साधारण चार वर्षांची असते. संस्थेत असा वरिष्ठच नसेल तर आपली वर्षे मोजली जाणार नाहीत, आणि हे नुकसान कोणत्याही भत्त्याने भरून येत नाही. माझ्या अनुभवावर सही कोण करणार, हा प्रश्न नवोदिताने होकार देण्यापूर्वीच विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल तर बाहेरच्या परवानाधारक अभियंत्याशी देखरेखीचा करार करून देण्याची अट घालावी. दुसरा धोका सुरक्षेचा. विद्युतभारित उपकरणावर किंवा बंदिस्त टाकीत एकट्याने उतरण्याचे काम पैसे वाढवून दिले तरी स्वीकारू नये. दुसरा माणूस उपस्थित असणे ही अट पगाराच्या बोलणीत आणूच नये. ती आधीच मान्य असावी.

मागणी मांडताना

मूळ पगार वाढवण्यास नकार मिळाला तरी बोलणी संपत नाहीत. घर, वाहन आणि इंधन, हत्यारे, इंटरनेट, वर्षातील प्रशिक्षणाचे दिवस आणि त्यांचा प्रवासखर्च, व्यावसायिक सदस्यत्वाची वर्गणी या गोष्टी लहान संस्थेला रोख वाढीपेक्षा सोप्या जातात. यांतील वाहन सर्वांत आधी मागावे, कारण वरच्या उदाहरणातील वाहनखर्चाच्या १४ एककांची त्या एकाच मागणीने बचत होते. मात्र ते खासगी वापरास चालेल का आणि त्यावर कर लागेल का, हे तिथेच स्पष्ट करून घ्यावे. कामगिरीवर आधारित बोनस देऊ असे सांगितले गेल्यास मोजमाप कोणते, ते विचारावे. हंगाम चांगला झाला तर बघू, हे मोजमाप नव्हे.

स्थलांतराचा खर्च बहुतेक जण जातानाचा मागतात आणि परतीचा विसरतात. प्रकल्प मुदतीपूर्वी गुंडाळला गेला किंवा कारखाना बंद पडला तर आसपास दुसरी नोकरी नसते, हे ग्रामीण नोकरीचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे मालकाच्या कारणाने नोकरी संपल्यास परतीचा खर्च आणि शहरापेक्षा लांब नोटीस कालावधी, ही दोन कलमे लेखी घ्यावीत. उलट बाजूने, ठरावीक वर्षे न सोडण्याचा बाँड मागितला जात असेल तर दंडाची रक्कम दर महिन्याला घटत जाणारी असावी.

स्वतःचा व्यवसाय करायचा असल्यास

काही वर्षांनी अनेक जण नोकरी सोडून त्याच पट्ट्यातील चार-पाच संस्थांना सेवा देऊ लागतात. येथे सर्वांत मोठी चूक दर ठरवताना होते. दुरुस्ती एका तासाची आणि जाण्या-येण्याचा प्रवास चार तासांचा असेल तर तासाच्या दराने केलेले बिल तोट्याचेच असणार. किमान भेट शुल्क, अंतराचा वेगळा दर आणि एका दिशेच्या भेटी एकाच दिवशी ठेवण्याची शिस्त, या तिन्हींवाचून हा व्यवसाय टिकत नाही. त्याहून उत्तम म्हणजे वार्षिक देखभाल करार, ज्यात ठरावीक भेटी आणि तातडीच्या बोलावण्यांची मर्यादा लिहिलेली असते. शेतीवर चालणाऱ्या ग्राहकांकडे पैसा पीक विकल्यावर येतो. हप्ते दरमहा मागण्याऐवजी सुगीनंतर मोठा आणि एरवी लहान असे ठेवले तर वसुलीसाठीचे बरेच हेलपाटे वाचतात. स्वतःकडे चार-पाच महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम मात्र आधी साठवलेली असावी.

रुजू झाल्यानंतर

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. फोन कधी आला, कोणते यंत्र बंद होते, किती वेळात सुरू झाले, कोणता सुटा भाग लागला आणि तो न सापडल्यामुळे किती तास गेले, एवढ्याच नोंदी पुरेत. वर्षअखेरीच्या पगाराच्या चर्चेत ‘मी खूप काम केले’ हे वाक्य हवेत विरून जाते. परंतु ‘या वर्षी कामाच्या वेळेबाहेर ४३ वेळा बोलावणे आले आणि त्यांतील ३१ वेळा कारण तोच जुना व्हॉल्व्ह होता’ असे सांगता आले तर व्यवस्थापनासमोर दोनच मार्ग उरतात : व्हॉल्व्ह बदलणे किंवा भत्ता वाढवणे. अनुभवी अभियंता आधी व्हॉल्व्ह बदलून मागतो.